स्वालबार्डला जायचं म्हणताय?

नॉर्दर्न लाइट्स आणि पांढरं अस्वल एकाच सहलीत हमखास दाखवतो असं कुणी सांगत असेल, तर त्याला आगाऊ पैसे देऊ नका. आकाशातला तो हिरवा उजेड दिसायला काळोख लागतो आणि बर्फातून जहाज न्यायला उन्हाळा लागतो. नॉर्वेच्या उत्तरेला, उत्तर ध्रुवापासून सुमारे १,३०० किलोमीटरवर असलेल्या स्वालबार्ड द्वीपसमूहात साधारण २० एप्रिलपासून २२ ऑगस्टपर्यंत सूर्य मावळतच नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस तो एकदा बुडाला की फेब्रुवारीच्या मध्याशिवाय वर येत नाही. नुसते नॉर्दर्न लाइट्स बघायचे असतील तर नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचं ट्रोम्सो पुरे. तिथे खर्च कमी, कटकट कमी आणि हॉटेलं भरपूर. स्वालबार्डला जायचं ते हिमनद्या, समुद्रपक्ष्यांचे कडे, वॉलरस आणि माणसाने जवळजवळ हात न लावलेली जमीन बघायला. त्यासाठी जून ते ऑगस्ट हेच दिवस.

आपली पंचाईत सुट्ट्यांची होते. मे महिन्यात शाळा बंद असतात, पण तेव्हा तिकडचे बरेच फियॉर्ड बर्फाने अडलेले असतात आणि जहाजांचा हंगाम जेमतेम सुरू होत असतो. दिवाळीच्या सुट्टीत सूर्यच रजेवर गेलेला असतो. शाळकरी मुलं बरोबर असतील तर जूनचा पहिला आठवडा गाठावा. डोंगर अजून पांढरे असतात आणि समुद्रावर थोडाफार बर्फ असतो. बिनमुलांच्या मंडळींनी जुलैचा उत्तरार्ध धरावा. तेव्हा जहाज बरंच उत्तरेला जाऊ शकतं, जमीन मोकळी झालेली असते आणि खडकांमधून बोटभर उंचीची फुलं आलेली असतात. ऑगस्टअखेर ऊन तिरपं होतं, फोटो उत्तम येतात. पण गणपती त्याच सुमारास आले तर घरी काय सांगणार, तो ज्याचा त्याचा प्रश्न.

लोकमान्यांची आठवण मराठी माणसाला इथे येणारच. ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हे टिळकांचं पुस्तक १९०३ साली आलं. ऋग्वेदातल्या लांबलचक उषेच्या वर्णनांवरून आर्यांचं मूळ घर ध्रुवाजवळ होतं, असा त्यांचा तर्क होता. आजचे अभ्यासक तो मान्य करत नाहीत, आणि टिळक स्वतः काही तिकडे गेले नव्हते. मात्र दिवसचे दिवस रेंगाळणारी पहाट हा प्रकार तिथे खरोखर असतो. ती बघायची तर फेब्रुवारीत जावं लागेल. त्या थंडीची सहल वेगळी, तिचं सामान वेगळं आणि ती या लेखाचा विषय नाही.

आर्क्टिकमध्ये स्वालबार्डच्या उद्यानांपेक्षा मोठी राष्ट्रीय उद्यानं आहेत. ईशान्य ग्रीनलंडचं उद्यान सुमारे ९,७२,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या तिप्पट. आत जायला परवाना लागतो. कॅनडातल्या एल्समियर बेटावरच्या क्वुट्टिनिर्पाकला पोचायला रेझोल्यूटहून खास विमान ठरवावं लागतं. अलास्कातल्या ‘गेट्स ऑफ द आर्क्टिक’मध्ये रस्ता तर नाहीच, आखलेली पायवाटसुद्धा नाही. ही ठिकाणं मुरलेल्या गिर्यारोहकांनी करावीत. स्वालबार्डची सोय अशी, की ७८ अंश उत्तरेवर असलेल्या लाँगइअरब्येन गावापर्यंत रोजची प्रवासी विमानं जातात आणि तिथून पुढे जहाजाने साधा माणूसही उद्यानांच्या आत शिरू शकतो.

शिवाय तिथे आपलं एक घरही आहे. गोव्यात वास्कोच्या हेडलँड सडा भागात राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताच्या आर्क्टिक मोहिमा तिथूनच चालतात. पहिली मोहीम २००७ साली गेली आणि जुलै २००८ मध्ये स्वालबार्डच्या नी-ओलेसुंड वस्तीत ‘हिमाद्री’ हे भारतीय केंद्र सुरू झालं. आर्क्टिकमधला घटता बर्फ आणि आपला मान्सून यांचा काही संबंध लागतो का, हे शोधणं हा तिथल्या कामाचा एक भाग. जुलैच्या पावसात मीरा रोड स्टेशनबाहेर गुडघाभर पाण्यातून घर गाठणाऱ्याला हे संशोधन फार परकं वाटू नये.

उद्यान, पण फाटक नसलेलं

उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बोरिवली येतं. फाटक, तिकीट खिडकी, कान्हेरीला जाणारी गाडी, काकडीवाली बाई. हेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान काशिमीरा-चेण्याच्या बाजूने आपल्या मीरा-भाईंदरच्या अंगणाला लागून आहे, पण तिकडून ते आपल्याला नुसतं जंगल म्हणून दिसतं. स्वालबार्डची सात राष्ट्रीय उद्यानं तशीच आहेत. द्वीपसमूहाच्या जमिनीपैकी सुमारे ६५ टक्के जमीन संरक्षित आहे. लाँगइअरब्येनमधले रस्ते गावाच्या टोकाला संपतात. एका वस्तीतून दुसरीत जायला रस्ताच नाही. गाव सोडलं की मोबाइलची रेंज जाते. उद्यानात पाणपोई नाही, शौचालय नाही, दिशा दाखवणारी पाटी नाही.

म्हणून स्वतःच्या जिवावर हिंडण्याचा बेत असेल तर आधी कायदा वाचा. वस्तीबाहेर पाऊल टाकणाऱ्याकडे अस्वलाला पळवून लावण्याचं योग्य साधन असलंच पाहिजे. बंदूक भाड्याने घ्यायची तर राज्यपालांच्या कार्यालयाची परवानगी लागते. लाँगइअरब्येनच्या आसपासचा ठरावीक टापू सोडून पुढे जाणाऱ्याने त्याच कार्यालयाला प्रवासाची आगाऊ सूचना द्यायची आणि शोध-बचावाचा खर्च भागवणारा विमा दाखवायचा. हे नियम कागदी नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये लाँगइअरब्येनच्या विमानतळाशेजारच्या तंबूतळावर अस्वलाने एका माणसाचा जीव घेतला. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना बिबट्याची सवय असते, पण ती सवय इथे कामाची नाही. बिबट्या माणसाला सहसा टाळतो. भुकेलं ध्रुवीय अस्वल माणसाकडे अन्न म्हणूनच बघू शकतं आणि सपाट बर्फावर ते माणसाला सहज गाठतं. तेव्हा सल्ला सरळ आहे: पहिल्या खेपेला जहाज आणि जाणते वाटाडे, दुसरं काही नको.

जहाज निवडताना

इथे घाई केली की सहल फसते, म्हणून जरा थांबू.

१ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डचे नियम कडक झाले. संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला येता येत नाही, आणि अशा भागांत प्रवासी उतरवायला ४३ जागाच मोकळ्या ठेवल्या आहेत. ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं. १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. अस्वलाला शोधून त्याचा पाठलाग करणं, आमिष दाखवणं, त्याला त्रास होईल असं वागणं हा गुन्हा आहे. अस्वल आपण होऊन जवळ आलं तरी मागे हटायचं ते माणसाने.

तीनशे मीटर म्हणजे किती? विरारची पंधरा डब्यांची लोकल फलाटावर उभी आहे, तुम्ही पहिल्या डब्याशी आहात आणि अस्वल शेवटच्या डब्याच्या मागे उभं आहे. मोबाइलच्या पडद्यावर तो एक पिवळट ठिपका येईल. जून महिन्यात तर त्याहूनही बारीक. जाहिरातीतले जहाजाच्या नाकाशी येऊन उभ्या राहिलेल्या अस्वलाचे फोटो बहुधा आधीच्या काळातले असतात. ते मनात धरून गेलात तर खिन्न होऊन परत याल.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: मोठं जहाज स्वस्त पडतं, पण ते उद्यानांच्या बाहेरूनच फिरतं. ‘आर्क्टिक क्रूझ’ या नावाखाली दोन-तीन हजार प्रवाशांची जहाजंही विकली जातात. ती लाँगइअरब्येनच्या धक्क्याला लागतात, लोक गाव बघतात, स्वेटर घेतात आणि परत निघतात. त्याला उद्यान बघणं म्हणत नाहीत. प्रवासी कंपनीला जहाजाचं नाव विचारा, त्यात किती प्रवासी असतील ते विचारा, किनाऱ्यावर एका वेळी किती जणांना उतरवतात तेही विचारा. शंभराच्या आतलं जहाज मिळालं तर जास्त पैसे गेले तरी घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आर्क्टिकमधल्या अशा जहाजवाल्यांची ‘एको’ नावाची संघटना आहे. तिचं सदस्यत्व आहे का, हा प्रश्नही विचारण्यासारखा. उत्तरं तोंडी घेऊ नका, ईमेलवर मागा. मीरा रोडच्या कार्यालयातल्या मुलीला जहाजाचं नाव माहीत नसेल तर तिचा दोष नाही, तिला वरून पॅकेज आलेलं असतं. पण तुम्ही मात्र नाव कळेपर्यंत पैसे भरू नयेत.

दुसरी गोष्ट दुर्बीण. जाडजूड जॅकेटवर लोक हजारो रुपये उडवतात आणि दुर्बीण शेजाऱ्याकडून मागून नेतात. उलट करा. ८ बाय ४२ची बरी दुर्बीण घ्या, घरात माणशी एक, कारण अस्वल दिसल्यावर नवरा-बायकोत दुर्बिणीवरून जे होतं ते सगळ्या जहाजाला ऐकू जातं. ती वापरायला इथेच शिका. हलणाऱ्या डेकवर पहिल्यांदा डोळ्याला लावलीत तर नुसतं आभाळ दिसेल. आपल्याकडे हिवाळ्यात भाईंदरच्या खाडीत, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात, मिठागरांच्या कडेने तुतारी आणि टिलव्यांचे थवे उतरतात. यातले कित्येक पक्षी सैबेरियाच्या आर्क्टिक टुंड्रावर अंडी घालून इथे आलेले असतात. चिमणीएवढा टिलवा चिखलात धावताना दुर्बिणीत धरता आला, की बर्फावरचं अस्वल काहीच नाही. आधी नुसत्या डोळ्याने लक्ष्य धरायचं, नजर तिथून न हलवता दुर्बीण वर आणायची. दोन-चार रविवार सकाळी हे केलं की हात बसतो.

आता जेवण. मीरा-भाईंदरमध्ये जैन, मारवाडी, गुजराती शेजार मोठा, त्यामुळे असे गट बरेचदा मिश्र असतात. शाकाहार जहाजांना कळतो, पण कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य ही गोष्ट आयत्या वेळी सांगून समजत नाही. आगाऊ लिहून कळवा आणि तरीही बरोबर खाऊ न्या. मात्र दूध आणि मांस यांचे पदार्थ आपल्याकडून नॉर्वेत नेता येत नाहीत. पेढे, पनीर, तुपाचा डबा घरीच. भडंग, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, खाकरे चालतात. जहाजावर कुकर लावायला मिळणार नाही, हेही आजीला आधीच सांगितलेलं बरं.

पैशाचं म्हणाल तर आठ-दहा दिवसांच्या छोट्या जहाजाचं भाडं, विमान आणि विमा मिळून माणशी काही लाख रुपये लागतात. बाहेरून येणाऱ्याला १५० क्रोनरचं पर्यावरण शुल्क असतं. ते तिकिटातच धरलेलं असतं. सुटे पैसे फारसे लागत नाहीत, कार्ड सगळीकडे चालतं. आपला दोन गोल पिनांचा प्लग बहुतेक जागी बसतो. दारूची तिथे गंमत आहे: पाहुण्याला दुकानातून बिअर किंवा कडक दारू घ्यायची तर विमानाचं तिकीट दाखवावं लागतं. खाण कामगारांच्या काळातली रेशनची पद्धत अजून चालू आहे, खाणी मात्र संपत आल्या; नॉर्वेची तिथली शेवटची कोळसा खाण २०२५ मध्ये बंद झाली.

व्हिसाची मेख

स्वालबार्ड करार ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झाला, आणि मूळ सह्या करणाऱ्यांत हिंदुस्थानही होता, अर्थात इंग्रजांच्या छत्राखाली. या करारामुळे स्वालबार्डला जायला कुणालाच व्हिसा लागत नाही. हे वाचून हुरळून जाऊ नका. तिकडे जायचा रस्ता नॉर्वेतून आहे, नॉर्वे शेंगेनमध्ये आहे आणि स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे. म्हणजे मुंबईहून ऑस्लोला पोचलात की शेंगेनमध्ये एकदा प्रवेश झाला. ऑस्लो किंवा ट्रोम्सोहून लाँगइअरब्येनचं विमान धरलंत की शेंगेनमधून बाहेर पडलात. परत आलात की दुसरा प्रवेश.

एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर त्या दुसऱ्या वेळी तुम्ही अडकता; बरेचदा विमान कंपनीच तुम्हाला चढू देत नाही. अर्जात ‘मल्टिपल’ किंवा किमान दोन प्रवेश असं मागायचं आणि सोबतच्या पत्रात स्वालबार्डचा प्रवास तारखांसह लिहायचा. शुल्क दोन्हींना सारखंच, मोठ्यांना ९० युरो. एजंटने अर्ज भरला असेल तर तो रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. व्हिसा चिकटवलेला पासपोर्ट हातात आला की ‘प्रवेशांची संख्या’ तिथल्या तिथे वाचा. निघायच्या आदल्या रात्री वाचून उपयोग नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो आणि नॉर्वेसाठी तो मुंबईतल्या व्हीएफएस केंद्रात द्यायचा. शेंगेनला लागणारा ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा तर हवाच, पण तो स्वालबार्डला लागू आहे का आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च त्यात येतो का, ही ओळ विमा कंपनीकडून लेखी घ्या. लाँगइअरब्येनचं रुग्णालय छोटं आहे. गंभीर आजाऱ्याला विमानाने साडेनऊशे किलोमीटरवरच्या ट्रोम्सोला न्यावं लागतं.

अंग आणि अंगावरचे कपडे

जुलैत लाँगइअरब्येनचं सरासरी तापमान ६-७ अंश असतं. आकडा ऐकून लोक म्हणतात, मनालीत यापेक्षा थंडी होती. पण मनालीत तुम्ही उघड्या रबरी होडीत, तोंडावर वारा आणि अंगावर खारे तुषार घेत तासभर बसलेले नव्हता. तिथे थंडीपेक्षा ओल वाईट. म्हणून सुती काहीही अंगाला लागू देऊ नका, आतले कपडे आणि बनियनसुद्धा. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि ऊब ओढून घेतं. अंगाशी लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट. पँट विसरणारे फार असतात. हातमोज्यांचे दोन थर हवेत: आत बोटं चालतील असे पातळ, वर जलरोधक जाड. चष्मेवाल्यांनी चष्म्याला दोरी लावावी. रात्रीही लख्ख ऊन असल्यामुळे डोळ्यांवर बांधायची पट्टी न्यावी, गॉगल आणि सनस्क्रीनही न्यावं.

गमबूट जहाजावर मिळतात का ते विचारा. मिळत असले तरी आपल्या बायकांच्या लहान मापाचे असतात का, तेही विचारा. नसतील तर इथून न्या. किनाऱ्यावर धक्का नसतो. होडीचं नाक वाळूला लागतं, काठावर पाय बाहेर टाकून तुम्ही सरळ घोटाभर पाण्यात उतरता. पँट बुटाच्या आत खोचायची नाही, बाहेर सोडायची, नाहीतर लाट आली की बूट भरतो.

उतरण्याची सगळी रीत एकदा डोळ्यांसमोर आणा. आधी शौचालयाला जाऊन यायचं. किनाऱ्यावर सोय नाही आणि चार थर चढवल्यावर आठवण झाली तर सगळं उलटं सोलावं लागतं. मग कपडे, वर लाइफ जॅकेट. जहाज सोडताना दाराशी आपल्या क्रमांकाचा बिल्ला उलटा करायचा, परतल्यावर सुलटा. जहाजावर कोण नाही हे त्यावरूनच कळतं, म्हणून दुसऱ्याचा बिल्ला प्रेमानेसुद्धा फिरवू नये. शिडीच्या तळाशी खलाशी हात पुढे करतो. तो हात हस्तांदोलनासारखा धरायचा नाही, एकमेकांचं मनगट धरायचं. ओल्या हातमोज्यात पंजा निसटतो, मनगट निसटत नाही. होडीच्या फुगीर काठावर बसायचं, सरकत पुढे जायचं, फोटोसाठी उभं राहायचं नाही. वाटाडे बंदुका घेऊन आधी उतरतात, टेकड्यांवरून दुर्बीण फिरवतात आणि अस्वल नाही अशी खात्री पटली तरच तुम्हाला बोलावतात. अस्वल दिसलं तर सगळे परत. पैसे भरलेत म्हणून हुज्जत घालायची ही जागा नव्हे.

याची तालीम घरबसल्या करता येते. उत्तनच्या पुढे चौकला, धारावी किल्ल्याच्या बाजूच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी गमबूट घालून तासभर चाला. शेवाळलेल्या दगडावर तोल सांभाळणं, पाऊल टाकण्याआधी दगड हलतो का ते बघणं, एवढं अंगवळणी पडलं तरी पुष्कळ. भरती कधी सुरू होते ते आधी बघून जा आणि खाली उतरण्याआधी तिथल्या कोळ्यांना विचारा. त्यांनी नको म्हटलं तर नको. इमारतीचे सहा-सात मजले न थांबता चढता यावेत, एवढा दम पुरतो. बोट लागते का हे बघायला भाईंदर–वसई रो-रो उपयोगाची नाही, खाडीत ती डोलेपर्यंत पलीकडे लागते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जा. तेवढ्यात पोट ढवळलं तर डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या आणि जहाजावर खालच्या मजल्यावरची, मधल्या भागातली खोली मागा. तिथे हेलकावा कमी बसतो.

ज्यांचे गुडघे उतरलेत, ज्यांना हृदयाचं दुखणं आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांशी खरं बोलून ठरवावं. जहाजावरचा डॉक्टर असतो तो धीर द्यायला आणि टाके घालायला. शस्त्रक्रिया करायला नसतो. आईवडिलांची हौस म्हणून त्यांना न्यायचं असेल तर नॉर्वेच्या किनाऱ्याने जाणारी जहाजं बघा. तीही उत्तरेला जातात, रोज बंदराला लागतात आणि दवाखाना हाताशी असतो.

तिथे वागायचं कसं

सामान बांधण्याआधी बूट घासा. तळव्यातला चिखल, मोज्यांना चिकटलेली कुसळं, बॅगेच्या वेल्क्रोत अडकलेलं बी, सगळं काढा. भाईंदरचं गवत तिकडे रुजायला नको. जहाजवाले उतरण्याआधी तपासतातही.

उचलायचं काही नाही. फूल नाही, शिंग नाही, हाडाचा तुकडा नाही. १९४६ पूर्वीची माणसाची प्रत्येक खूण तिथे आपोआप संरक्षित वारसा ठरते, गंजका खिळासुद्धा. वायव्य स्पिट्सबर्गेन राष्ट्रीय उद्यानात स्मीरेनबर्ग नावाची जागा आहे. सतराव्या शतकात डच लोक तिथे देवमाशांची चरबी कढवत. त्या भट्ट्यांचे अवशेष नवख्याला नुसते दगडांचे ढिगारे वाटतात आणि पोरं त्यावर चढायला धावतात. त्यांना आधी समजावून ठेवा. कोल्हा किंवा रेनडिअर जवळ आला तरी हात लावायचा नाही, तिथे रेबीज आहे. सुरय पक्षी जमिनीवर घरटी करतात आणि जवळ गेलेल्याच्या डोक्यावर सरळ सूर मारतात. हात डोक्याच्या वर धरला की ते सर्वांत उंच टोकावर चोच मारतात, डोकं वाचतं. ड्रोन घरी ठेवा. पक्ष्यांच्या कड्यांजवळ उन्हाळ्यात त्याला बंदी आहे आणि बरीच जहाजं तो उडवूच देत नाहीत.

तुमचं जहाज नी-ओलेसुंडला गेलं तर ‘हिमाद्री’ बाहेरून बघायला मिळेल. तिथे रेडिओ-दुर्बिणीची कामं चालतात, म्हणून आजूबाजूच्या वीस किलोमीटरमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवायचं. फोन विमान-मोडवर टाकायचा, स्मार्ट घड्याळ आणि कानातलं यंत्रही. तिरंग्यापुढचा सेल्फी घ्या, लगेच घरच्या ग्रुपवर टाकता येणार नाही एवढंच. रस्ता सोडून चालायचं नाही आणि संशोधकांच्या दारावर टकटक करून चहा मागायचा नाही. गावात आणखी एक बघण्यासारखं म्हणजे १९२६ साली ध्रुवप्रवासी आमुंडसेनचं ‘नोर्गे’ हे हवाई जहाज ज्याला बांधलं होतं तो लोखंडी खांब.

लाँगइअरब्येनमध्ये मात्र आपल्याला घरच्यासारखं वाटतं. हॉटेलात, संग्रहालयात शिरताना बूट दाराशी काढायचे असतात. कोळशाची धूळ आत येऊ नये म्हणून खाण कामगारांनी पाडलेला हा रिवाज. घरातले जाड मोजे हाताच्या बॅगेत ठेवा.

मोकळे दिवस

प्रवासाचा तक्ता भिंतीवर चिकटवून त्यावर रोज खूण करणाऱ्यांना हा प्रदेश सोसत नाही. जहाजावर रोज संध्याकाळी उद्याचा बेत सांगतात आणि सकाळी धुकं, वारा नाहीतर अस्वल तो मोडतं. पत्रकात छापलेली हिमनदी हुकून भलत्याच खाडीत दोन तास देवमासे बघत बसणं, हे तिथे रोजचंच. म्हणून जहाज निघण्याच्या आदल्या दिवशीच लाँगइअरब्येनला पोचलेलं असावं. मुंबईहून जाताना दोन-तीन विमानं बदलावी लागतात, सामान मागे राहण्याची शक्यता खरी असते, आणि जहाज एका बॅगेसाठी थांबत नाही. एकदा उद्यानात शिरलं की बॅग मागून पोचवायला कुणी येत नाही. औषधं, थर्मलचा एक जोड, हातमोजे, दुर्बीण, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हाताच्या बॅगेत घ्या. बॅटऱ्या आणि पॉवर बँक तशाही सामानात देता येत नाहीत. थंडीत त्या लवकर उतरतात, म्हणून तिथे त्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायच्या. जड बूट नेणार असाल तर ते पायातच घालून विमानात बसा. परतीचं मुंबईचं विमान जहाज लागेल त्याच दिवसाचं घेऊ नका. मध्ये ऑस्लोत एक मुक्काम ठेवा आणि तिकीट तारीख बदलून मिळेल असं काढा. चार पैसे जास्त पडतील, पण धुक्याने लाँगइअरब्येनचं विमान एक दिवस अडकलं तर ते तिथेच वसूल होतात.